मळलेल्या कडांची पुस्तके

दारातून आत आलात की डाव्या हाताला एक लाकडी वस्तू दिसते. तीन फळ्या, चार चाके, एक दांडा आणि भरपूर तोरा. ती मी. मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. भाजीची नव्हे, सामानाची नव्हे, ग्रंथालयातल्या पुस्तकांची. इथली कपाटे माझ्यापेक्षा उंच आहेत आणि टेबले माझ्यापेक्षा रुंद आहेत, हे मला मान्य आहे. पण ती आली तेव्हापासून एका जागी उभी आहेत. मी हिंडले आहे. या दालनातल्या प्रत्येक कपाटासमोर मी थांबले आहे आणि कुठल्या विषयापुढे माणसांचे पाय अडखळतात, हे माझ्याइतके इथे कुणालाच ठाऊक नाही.

खरे तर माझा जन्म इस्पितळासाठी झाला होता. ज्या कारखान्यात मी घडले, तिथे औषधांच्या गाड्याच बनत. आमचे सुतारकाका हाताने चांगले होते, पण त्या दिवशी त्यांचे लक्ष कुठे होते कोण जाणे. माझे मागचे डावे चाक त्यांनी जरासे तिरके बसवले. इस्पितळाच्या माणसाने मला ढकलून पाहिले, तर मी सरळ न जाता डावीकडे वळले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. तो माणूस म्हणाला, "अहो काका, हिच्यावर औषधं ठेवली तर ती फक्त डावीकडच्याच रुग्णांना मिळतील!" सगळे हसले. माझी मात्र परत पाठवणी झाली. मग ग्रंथालयाने मला घेतले. पुस्तके काही तब्येतीने नाजूक नसतात, असा त्यांनी विचार केला असावा.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. वाचकांनी परत केलेली पुस्तके माझ्यावर चढत आणि मी ती त्यांच्या त्यांच्या कपाटापाशी पोहोचवी. चाके वाजायची, पण त्या आवाजाने कुणी दचकत नसे. उलट "गाडी आली" म्हणत वाचक खुर्च्या बाजूला घेत. मग एके दिवशी लोखंडी गाडी आली. रबरी चाकांची, निळ्या रंगाची, आवाज न करणारी. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या, एक बादली होती आणि लोकांनी विसरलेल्या छत्र्या होत्या. वरच्या फळीवर बादली, खालच्या फळीवर छत्र्या, असा संसार मी कित्येक वर्षे केला. मी कुणाला दोष देत नाही. पण बादली ही काही बोलण्यासारखी सोबत नव्हे.

मला तिथून बाहेर काढले ते नव्या ग्रंथपालबाईंनी. त्या बादली शोधायला आल्या होत्या. बादली उचलली, मग थांबल्या, बादली खाली ठेवली आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू इथे काय करतेस?" इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारले नव्हते. बाईंनी माझ्या चाकांना तेल घातले. तीन चाके गप्प झाली. मागच्या डाव्याने मात्र आपला हेका सोडला नाही. ते आजही वाजते.

बाईंना मी कशासाठी हवी होते, ते नीट सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. बाईंच्या लक्षात एक गोष्ट आली होती. ग्रंथालयात असा एखादा माणूस येई, ज्याला कुठल्यातरी अगदी अनोळखी विषयाबद्दल जाणून घ्यायचे असे. ताऱ्यांबद्दल, मधमाश्यांबद्दल, पूल कसे बांधतात त्याबद्दल, कानाच्या आत काय असते त्याबद्दल. त्याला त्या विषयाचे कपाट दाखवले जाई. कपाटात तीस पुस्तके. तो त्यांच्यासमोर उभा राही. एक काढी, अर्धे पान वाची, परत ठेवी. दुसरे काढी. मग उगाच घड्याळ पाहून काहीतरी काम आठवल्यासारखे करी आणि निघून जाई. "ज्याला विषयच माहीत नाही, त्याला त्यातलं कुठलं पुस्तक आपल्याला समजेल हे कसं कळणार?" असे बाई एकदा स्वतःशीच म्हणाल्या. मी तिथेच होते.

मग त्यांनी ठरवले, की प्रत्येक विषयावरचे एकच पुस्तक माझ्यावर ठेवायचे. फक्त एक. जे कुणालाही हाती धरून विषयाच्या आत नेईल असे. आणि ती विषयवार लावायची नाहीत. मधमाश्यांशेजारी पूल, पुलाशेजारी मूत्रपिंड, त्याच्याशेजारी बुद्धिबळ. एक शोधायला आलेल्या माणसाला दुसरेही दिसावे म्हणून.

पण ते एक पुस्तक ओळखायचे कसे? बाईंनी सगळी पुस्तके वाचली असतील असे तुम्हाला वाटत असेल. ग्रंथपालाला वाचायला वेळ मिळतो, हा लोकांचा गोड गैरसमज आहे. बाईंची युक्ती वेगळीच होती. पुस्तक मिटायचे, आडवे धरायचे आणि पानांच्या कडा पाहायच्या. वाचणाऱ्यांच्या बोटांचा मळ कडांना लागतो. जिथपर्यंत वाचले तिथपर्यंत करडी छटा, पुढे पांढरे. काही पुस्तके वीस पानांपर्यंत काळी आणि पुढे कोरी करकरीत असत. बाई त्यांना उंबऱ्यावरची पुस्तके म्हणत. माणसे उंबऱ्यापर्यंत आली आणि मागे फिरली. काही पुस्तके मात्र पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली असत. "शंभर माणसं शेवटपर्यंत गेली, म्हणजे एकशे एकावा जाईलच," असे म्हणून बाई ते पुस्तक माझ्यावर ठेवत.

मोठमोठ्या नावांची, सोनेरी अक्षरांची पुस्तके उंबऱ्यावर राहिली आणि कुणी न विचारलेली बारकी पुस्तके माझ्यावर येऊन बसली. मला याचा फार अभिमान वाटे. केस कापणाऱ्या एका ताईंनी माझ्यावरून ज्वालामुखी नेला आणि पुढच्या आठवड्यात भूकंप मागायला आल्या. एक बसवाहक हाडांचे पुस्तक वाचून गेला आणि मग येईल त्याला गुडघ्यात किती हाडे भेटतात ते सांगत सुटला. बाईंनी माझ्यावर पाटी मात्र कधी लावली नाही. 'सोपी पुस्तके' असे लिहिले, तर ती उचलताना माणसाला चोरट्यासारखे वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. यादीही केली नाही. "यादी कशाला? कडा बघितल्या की झालं," असे त्या म्हणत. हे त्यांचे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने पुढे घोळ केला.

आणखी एक गंमत सांगते. माझ्यापाशी येणारी निम्मी माणसे खोटे बोलतात. कुणी म्हणते, भाच्यासाठी हवंय. कुणी म्हणते, शेजारच्या आजींनी विचारलंय. मोठ्या माणसांना 'मला माहीत नाही' असे म्हणण्याची फार लाज वाटते. बाई त्यांना कधी उघडे पाडत नसत. भाचा कसा आहे, पुस्तक आवडले का त्याला, असे तोंड सरळ ठेवून विचारत.

तर झाले असे. पुस्तके वापरून वापरून खिळखिळी झाली होती. बाईंनी दोनशे पुस्तके बांधणीला पाठवली. माझ्यावरची चौसष्ट आणि कपाटांतली इतर. चिठ्ठी लिहिली, 'शिलाई घट्ट करावी, पुठ्ठे बदलावेत.' बांधणीवाले आजोबा समोरच्या गल्लीत राहत. त्यांचे काम चोख होते आणि बाईंवर त्यांचा जीव होता.

तीन आठवड्यांनी पुस्तके परत आली. सगळ्यांना एकसारखे तपकिरी पुठ्ठे, पाठीवर नीट चिकटवलेली नावे. बाईंनी पहिले पुस्तक उचलून आडवे धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. मग दुसरे धरले, तिसरे धरले. कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. आजोबांनी आपणहून दोनशे पुस्तकांच्या तिन्ही बाजू यंत्रावर कापून साफ केल्या होत्या. इतक्या वर्षांचा मळ गेला आणि त्याबरोबर शंभर-शंभर माणसांची साक्षही गेली. मी रिकामी उभी होते. बाईंनी कपाळाला हात लावला, तो तासभर काही काढला नाही.

माझ्यावरच्या चौसष्टांतली निम्मी-अधिक पुस्तके बाईंना आठवणीने ओळखता आली. उरलेली त्यांनी पाठीवरची नावे वाचून त्या त्या विषयाच्या कपाटात लावून टाकली, पुढे सवडीने पाहू म्हणून. ती सवड रंगाऱ्याने दिली नाही.

रंगारी दुसऱ्याच दिवशी आला. घरांना रंग देणारा माणूस, वय पन्नाशीचे, नखांच्या कोपऱ्यांत पिवळा रंग, आणि चालताना उजवा पाय ओढत होता. बाईंच्या टेबलासमोर उभा राहून त्याने आधी छताकडे पाहिले, मग भिंतींकडे, मग जमिनीकडे.

"पुस्तक हवं होतं," तो म्हणाला. "हवेवरचं. म्हणजे हवामानावरचं. समजेल असं." आणि घाईने पुढे म्हणाला, "माझ्यासाठी नाही. मुलासाठी."

"कितवीत आहे मुलगा?"

रंगाऱ्याने जरा विचार केला. "तसा मोठा आहे. पण या विषयात अगदीच कोरा."

"कधीपर्यंत हवंय?"

"पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा आहे त्याची. हवामान केंद्रात यंत्रांच्या नोंदी घ्यायला माणूस हवाय त्यांना. बसून करायचं काम. माझा गुडघा... म्हणजे त्याचा गुडघा गेलाय हो. परांचीवर चढता येत नाही आता. ही जागा गेली, तर दुकानात बसून दुसऱ्यांच्या रंगाचे डबे ढवळायचे, एवढंच राहील त्याला."

बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या, आणि माझ्यावर हवामान नव्हतेच. हवामानाच्या कपाटात चार पुस्तके होती, चारही पांढऱ्या कडांची. पूर्वी माझ्यावर कुठले होते, ते बाईंना काही केल्या आठवेना. मला आठवत होते. मी ते सहा वर्षे मधल्या फळीवर वागवले होते. पण मला तोंड नाही, नुसते चाक आहे, आणि उभ्या गाडीचे चाक वाजत नाही. शेवटी बाईंनी नावावर भरवसा ठेवला. 'हवामानाची सोपी ओळख' असे पाठीवर लिहिलेले पुस्तक त्यांनी रंगाऱ्याच्या हातात दिले.

मित्रांनो, नावात सोपी म्हटले म्हणून पुस्तक सोपे होत नाही. ते पुस्तक अस्सल उंबऱ्यावरचे होते. मला ते चांगलेच ओळखीचे होते, कारण परत येताना ते नेहमी लवकर येई.

रंगारी चौथ्या दिवशी आला. पुस्तक टेबलावर ठेवले, अगदी कडेला, जणू त्याला ते फार वेळ धरायचे नव्हते.

"नाही जमलं बाई त्याला. तिसऱ्या पानावरच अडकला. पाच वेळा वाचलं. प्रत्येक शब्दाला आणखी एक शब्द, आणि त्याला आणखी एक." त्याने नखातला पिवळा रंग खरवडला. "त्याचं डोकंच तेवढं नाही. तुमची काही चूक नाही. रंगाऱ्याच्या हातात ब्रशच शोभतो."

"दुसरं बघू या ना," बाई म्हणाल्या.

"नको. सोपंच जमलं नाही, तर दुसरं काय जमणार?"

तो निघून गेला. मला फार वाईट वाटले आणि रागही आला. चुकीचे पुस्तक एका माणसाला मूर्ख ठरवून मोकळे झाले होते, आणि त्या माणसाने ते खरे मानले होते. पुस्तकाला कुणी जाब विचारीत नाही. सगळा दोष वाचणारा आपल्याच डोक्यावर घेतो.

बाईंनी पायांत चपला सरकवल्या, समोरच्या गल्लीत गेल्या आणि बांधणीवाल्या आजोबांना घेऊनच परतल्या. त्यांच्या बोटांना अजून खळ लागलेली होती.

"काय झालं? शिलाई उसवली?" आजोबांनी विचारले.

"शिलाई उत्तम आहे. कडा कुठे गेल्या आजोबा?"

"कापल्या!" आजोबांनी छाती काढली. "दोनशे पुस्तकांच्या. किती मळल्या होत्या, बघवत नव्हतं. म्हटलं, बाईंची पुस्तकं आहेत, नव्यासारखी करून देऊ. दोन दिवस जास्त घातले मी त्यात."

बाईंनी त्यांना बाकावर बसवले आणि सगळे सांगितले. उंबऱ्यावरची पुस्तके, शेवटपर्यंत मळलेली पुस्तके, रंगारी, त्याची परीक्षा. आजोबांची छाती हळूहळू खाली आली.

"मला आधी सांगायचं होतंत," ते म्हणाले.

"सांगावं लागेल हे मला तरी कुठे सुचलं होतं?" बाई म्हणाल्या.  "चूक माझीच आहे. इतक्या वर्षांत यादी केली नाही मी."

 मग आजोबांनी ते 'सोपी ओळख' पुस्तक उचलले, कानाजवळ धरले, डोळे मिटले आणि अंगठ्याखालून पाने सोडू लागले. आधी पाने मऊ, हळू आवाजात पडली. मग एकदम कडकड वाजू लागली.

"ऐकलंत?" आजोबांनी डोळे उघडले. "मळ मी कापला. पण कागदाची सवय मला कापता येत नाही. पुन्हा पुन्हा उलटलेलं पान मऊ पडतं. न उलटलेलं ताठच राहतं. हे पुस्तक वाचलंय कुठपर्यंत? पंधरा-वीस पानं. पुढं कुणी गेलेलं नाही."

बाईंनी पुस्तक त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतले आणि स्वतःच्या कानाशी धरले. पुन्हा पाने सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी विसरणार नाही.

हवामानाची उरलेली तीन पुस्तके आजोबांनी ऐकली. तिन्ही उंबऱ्यावरची निघाली. "म्हणजे हवामानाचं चांगलं पुस्तक माझ्याकडे नव्हतंच की काय?" बाई म्हणाल्या. होते हो, होते! मी आतल्या आत ओरडत होते.

"सगळीच ऐकू," आजोबा म्हणाले. "कापली दोनशे, ऐकीन दोनशे." आणि त्यांनी दोन दिवस स्वतःचे दुकान बंद ठेवले. ते मला ढकलत कपाटामागून कपाट फिरले. डोळे मिटून पुस्तक कानाशी धरायचे, मऊ वाजले तर माझ्यावर ठेवायचे, कडक वाजले तर परत कपाटात. वाचनालयात पेपर वाचायला येणारी मंडळी हा काय प्रकार म्हणून माना वर करून पाहू लागली. एकाने बाईंना हळूच विचारले, "आजोबांना चष्मा मिळाला नाही का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गृहविज्ञानाच्या कपाटाजवळून चाललो होतो. आजोबांना ते कपाट सोडून पुढे जायचे होते. "स्वयंपाक आणि डाग काढणं, यात अवघड काय असणार," असे ते म्हणाले. तेवढ्यात मी डावीकडे वळले आणि त्या कपाटाला जाऊन टेकले. बाई म्हणतात, चाक तिरके आहे. आजोबाही तसेच म्हणतात. मी काय म्हणते ते मला कुणी विचारलेले नाही, म्हणून इथे सांगते. मी मुद्दाम वळले.

"आता आलोच आहोत तर," असे म्हणून आजोबांनी एक बारके पुस्तक काढले. कपड्यांवरचे डाग आणि इस्त्री यांच्यामध्ये ते दडून बसले होते. नाव होते 'वाळत घातलेले कपडे'. आजोबांनी पाने सोडली. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकही पान कडकले नाही. आजोबांनी पुन्हा पाने सोडली. "बाई," त्यांनी हाक मारली, "कपडे वाळत घालायचं पुस्तक शंभर माणसं शेवटपर्यंत कशाला वाचतील?"

बाईंनी ते उघडले. पहिले वाक्य असे होते : 'काल दोरीवर घातलेली चादर दुपारपर्यंत वाळली आणि आज तीच चादर, त्याच दोरीवर, संध्याकाळपर्यंत ओलीच राहिली; असे का झाले असेल?' बाई उभ्यानेच वाचत राहिल्या. त्या एका दोरीवरून पुस्तक हवेतल्या ओलीकडे जात होते, ओलीकडून ढगांकडे, वाऱ्याकडे, हवेच्या दाबाकडे. गच्चीवरच्या दोरीपासून ते कुठेच लांब जात नव्हते. बाईंनी नाव वाचून त्याला गृहविज्ञानात टाकले होते. "मी पण कमालीची आहे," असे म्हणून त्यांनी स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारली.

परीक्षेला आठ दिवस उरले होते, आणि रंगारी तर पुन्हा येणार नव्हता. मग बाईंनी ग्रंथालयाचे छापील पत्र घेतले. पुस्तक परत न करणाऱ्यांना पाठवतात तेच. छापलेला मजकूर खोडून त्यांनी त्यावर लिहिले, 'आपल्या मुलासाठी दुसरे पुस्तक बाजूला काढून ठेवले आहे. कृपया त्वरित यावे.'

रंगारी दुसऱ्या दिवशी आला, तो जरा तापूनच. "बाई, मी पुस्तक परत केलंय हं. तुमच्यासमोर केलंय." बाईंनी त्याला माझ्याशेजारच्या बाकावर बसायला सांगितले आणि पुस्तक हातात दिले.

त्याने नाव वाचले. "ही काय थट्टा आहे?"

"एक पान वाचा. नाही पटलं तर जा."

त्याने पहिले पान वाचले. मग दुसरे. तिसऱ्या पानाशी तो थांबेल म्हणून माझी चाके घट्ट झाली होती. तो थांबला नाही. सहाव्या पानावर तो मोठ्याने हसला, इतका, की पेपरवाली मंडळी वळून पाहू लागली.

"बाई! अहो, हे तर मला माहीत आहे!" तो म्हणाला. "दमट हवेत रंग वाळत नाही. भिंतीला घाम सुटतो. वारा असला की पहिला हात तासाभरात सुकतो. ओलं फडकं हाताला गार लागतं. तीस वर्षं हेच बघतोय मी. ह्याला हवामान म्हणतात होय?"

"ह्यालाच म्हणतात."

"मग त्या दुसऱ्या पुस्तकात हे का नव्हतं?"

"होतं. पण ते तुमच्याकडे यायला तयार नव्हतं."

रंगारी पुस्तकाकडे पाहत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला मुलगा नाही. दोन मुली आहेत, दोघी नांदतायत आपापल्या घरी."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "सभासद होताना अर्जात तुम्हीच लिहिलंय."

पुढचे सात दिवस तो रोज दुपारी येई आणि माझ्याशेजारी बसे. पुस्तक घरी नेले तरी चालले असते, पण त्याला ते इथेच वाचायला आवडे. मनातल्या मनात वाचणे त्याला जमत नसे, म्हणून तो ओठ हलवी. मी त्याच्याबरोबर सगळे पुन्हा ऐकले. दोन तापमापकांपैकी एकाला ओले फडके का बांधतात, ते त्याने एका वाचनात उचलले. हवेचा दाब मात्र त्याला दोन दिवस पुरला. तिथे तो चिडला, पुस्तक मिटले, बाहेर जाऊन फेऱ्या मारून आला आणि पुन्हा उघडले. आपले डोके तेवढे नाही, असे मात्र तो एकदाही म्हणाला नाही.

परीक्षेच्या दिवशी दालनात कुणाचेच कामात लक्ष नव्हते. आजोबा तर खळीचे भांडे घेऊनच येऊन बसले होते. चारच्या सुमारास रंगारी आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?" आजोबांना राहवेना.

"हवेत ओल किती हे कसं ओळखाल, म्हणाले. मी ओल्या फडक्याचा तापमापक सांगितला. दोघांत फरक जास्त, तर हवा कोरडी. फरक कमी, तर दमट." तो बाकावर टेकला. "मग मी म्हटलं, साहेब, तुमच्या मागच्या भिंतीला ओल असतानाच रंग दिलाय कुणीतरी. सहा महिन्यांत फुगे धरतील. तर साहेब उठून भिंतीला हात लावून बघायला लागले!"

"पुढे?"

रंगाऱ्याने बाईंकडे पाहिले. "मुलगा सोमवारपासून कामावर जातोय."

"मुलाला माझी शाबासकी सांगा," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यानंतरच्या रविवारी रंगारी डबा आणि ब्रश घेऊन आला. मला रंग द्यायचा म्हणाला. पण दारातून बाहेर गेला, आकाशाकडे पाहिले, ओलसर बोट वाऱ्यात धरले आणि डबा बाजूला ठेवला. "आज नको. हवेत ओल आहे. पुढच्या रविवारी देऊ." पुढच्या रविवारी हवा कोरडी होती. त्याने माझ्या तिन्ही फळ्या घासल्या, भेगांत लांबी भरली, फळ्यांना आणि पायांना रंगाचे दोन हात दिले. निळी लोखंडी गाडी पाहत राहिली. मी तिच्याकडे पाहिले नाही, पण ती पाहत होती हे मला माहीत होते.

शेवटी तो माझ्या दांड्यापाशी आला. इतक्या वर्षांच्या हातांनी दांडा मधोमध काळा आणि गुळगुळीत झाला होता. रंगाऱ्याने घासकागद काढला. "हा फार मळलाय. घासून पांढरा करू?"

"नको!" बाई टेबलावरून ओरडल्या.

"अजिबात नको!" आजोबा त्यांच्याही आधी ओरडले होते.

दांडा आहे तसाच राहिला. बाईंनी आता यादी केली आहे. आजोबा कडांना यंत्र लावण्याआधी विचारतात. माझ्यावर पुन्हा चौसष्ट पुस्तके आहेत, आणि आजोबांनी कानाने शोधलेली आणखी सात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे मागणे फार नाही. पाने उलटताना बोटाला थुंकी लावू नका, कोपरे दुमडू नका, हात धुऊन या. आणि एखादे पुस्तक तिसऱ्या पानावर तुम्हाला परत पाठवू लागले, तर ते निमूटपणे परत ठेवा आणि दुसरे उचला. लगेच स्वतःच्या डोक्यावर खापर फोडू नका. कुणासाठी हवंय असे विचारले, तर खुशाल मुलासाठी म्हणा, इथे कुणी हसणार नाही. मला जवळ ओढायला दांड्यावर हात ठेवाल, तेव्हा तो काळा दिसला तरी नाक मुरडू नका. तो सगळा तुमच्यासारख्याच, काहीही माहीत नसताना इथवर आलेल्या माणसांच्या हातांचा मळ आहे.